गोळीबाराचा जाब कोण देणार?

(रिद्धपूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



गोविंदप्रभूंच्या या गावी लोकभाषेला ग्रंथाची प्रतिष्ठा लाभली. कायद्याची भाषाही लोकांना उमगली पाहिजे, म्हणून आज एका कलमाविषयी बोलणार आहे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. १० माणसे ठार झाली. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवून उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरले. तरीही सदोष मनुष्यवधाबद्दल सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप देईपर्यंत २००९ साल उजाडले. पुढे उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

आयोगाला शिक्षा देण्याचा अधिकार नसतो आणि गुन्ह्याचा तपास बहुधा पोलिसांच्याच हाती असतो. शिवाय, जमाव पांगविताना केलेल्या कृत्याबद्दल राज्य सरकारच्या मंजुरीवाचून पोलिसांवर खटला भरता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे १३२वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १५१वे झाले. आकडा बदलला, कवच कायम राहिले. ज्या सरकारचे पोलीस, त्याच सरकारच्या हाती न्यायालयाच्या दाराची किल्ली!

तरीही दार ठोठावणे व्यर्थ नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पण गुन्हा नोंदवून घेण्यासाठी शोकाकुल मातेला उच्च न्यायालय गाठावे लागावे, हे राज्याला लांच्छनास्पद आहे.

हा प्रश्न केवळ विरोधकांच्या सरकारांना विचारण्याचा नाही. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजासमाजवादी पक्षाच्या मंत्रिमंडळाच्या काळात गोळीबार झाला, तेव्हा डॉ. लोहियांनी आपल्याच मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला. पक्षाने तो मानला नाही आणि पुढे पक्ष फुटला. सत्ता आपली असतानाही मृताचा पक्ष घेणे, हीच समाजवादाची कसोटी होय.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असोत: पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यास तत्काळ गुन्हा नोंदवावा, तपास त्या ठाण्याबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावा, मंजुरीचा निर्णय ठराविक मुदतीत, लेखी कारणांसह व्हावा. आणि मृताच्या घरी जाणारा, शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागणारा, साक्षीदारांच्या पाठीशी उभा राहणारा पहिला माणूस आपला कार्यकर्ता असावा. कायदा पुस्तकातून गावात आणण्याचे काम आपलेच आहे.