सही नको, काम द्या
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही बांधकामातले. पर्यावरणावर दहा मिनिटं बोला." झाडं लावा, पाणी वाचवा हे तुम्ही पुष्कळ ऐकलंय, म्हणून मी ते सांगत नाही. मी तीन वर्षांपूर्वीच्या आपल्या दुरुस्तीची गोष्ट सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना त्यातला धूळ आणि ठोकाठोकीचा भाग आठवत असेल, बाकीचा माहीत नाही.

आदर्श उपविधीप्रमाणे 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं. ते आपण केलं आणि बाहेरच्या प्लास्टरची दुरुस्ती निघाली. त्याच सुमारास एका पॉलिटेक्निकचं पत्र आलं. सिव्हिल डिप्लोमाच्या दोन विद्यार्थ्यांना सहा आठवड्यांचं प्रशिक्षण हवं होतं. एक मुलगा इथलाच, आणि एक मुलगी लातूरकडची, वडील गवंडी. दोघं पत्र घेऊन माझ्या दारात उभी.

आता खरं सांगतो. मी चष्मा लावला, पेन काढलं आणि म्हटलं, "बाळांनो, उन्हातान्हात कशाला येताय? सही करून देतो. सहा आठवड्यांनी सर्टिफिकेट घेऊन जा." मला वाटलं, मी त्यांच्यावर उपकारच करतोय. मुलगा खूश झाला. मुलगी म्हणाली, "काका, सही नको, काम द्या."

हे ऐकलं आणि मला माझं 1986 साल आठवलं. मीही डिप्लोमाचा विद्यार्थी होतो. माझं ट्रेनिंग म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये बसून सिमेंटच्या गोण्या मोजणं आणि क्युअरिंगचं रजिस्टर भरणं. काँक्रीटला किमान सात दिवस ओलं ठेवायचं असतं. त्या साइटवर टँकरचे पैसे वाचवायला तीनच दिवस पाणी मारलं आणि मी रजिस्टरमध्ये सात लिहिले. मला तसं सांगितलं होतं म्हणून लिहिले, पण अक्षर माझं होतं. सर्टिफिकेटवर शेरा मिळाला "उत्तम". त्या इमारतीचा स्लॅब पुढे गळायला लागला हे मला नंतर कळलं. आजही त्या रस्त्याने जाताना मी मान वर करत नाही.

तर मी पेन खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोघांना बोलावलं.

कंत्राटदाराचं म्हणणं होतं, सगळं बाहेरचं प्लास्टर काढून नवीन करू. आपल्या दोन्ही इमारतींच्या बाहेरच्या भिंती मिळून साधारण 3000 चौरस मीटर भरतात. प्लास्टर 20 मिलिमीटर जाड धरलं, तर 60 घनमीटर होतं. एका घनमीटरचं वजन दोन टनांच्या आसपास. म्हणजे 120 टन राडारोडा, दहा टनी बारा ट्रक! हा हिशेब पोरांनी वहीच्या मागच्या पानावर केला आणि मला विचारलं, "काका, हे जाणार कुठे?" मी गप्प. कुठे जातं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. रात्री नाल्यात. आणि पावसाळ्यात तोच नाला आपल्या पार्किंगमध्ये येतो.

मग मी त्यांना लाकडी हातोडी आणि खडू दिला. पराती वाजवून पाहतो तशी भिंत वाजवायची. भरीव आवाज आला तर प्लास्टर घट्ट, बद्द आवाज आला तर आतून सुटलंय. तिथे खडूने खूण. हाताला येईल तेवढं जिन्याच्या खिडक्यांतून, गॅलऱ्यांतून आणि गच्चीवरून. लाकडी परांचीवर चढायची परवानगी फक्त सुपरवायझर सोबत असताना आणि सेफ्टी बेल्ट लावूनच. सतरा दिवस ठोकाठोकी चालली. बी विंगच्या आजींनी तक्रारही केली आणि रोज ताकही दिलं.

निष्कर्ष असा निघाला की प्लास्टर सुटलं होतं ते जवळजवळ एक तृतीयांश. मीटिंगमध्ये हे मांडलं तेव्हा आवाज आले, "पोरांना काय कळतंय?" रास्त शंका होती. म्हणून आपल्या सल्लागार इंजिनिअरनी ठिकठिकाणी स्वतः तपासलं आणि खुणा बरोबर ठरल्या. म्हणून आपण फक्त तेवढंच काढलं. 120 टनांच्या जागी सुमारे 40 टन. 1:4 च्या मसाल्याला घनमीटरमागे साडेसात गोण्या सिमेंट लागतं, म्हणजे तीनशेच्या आसपास गोण्या वाचल्या.

गोणी वाचली की पैसे वाचतात हे आपल्याला पटकन कळतं. दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून सांगतो. सिमेंट चुनखडी भाजून करतात. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि 56 किलो चुना उरतो. भट्टीत जळणाऱ्या कोळशाचा धूर वेगळाच. म्हणून माझ्या मते न तोडलेली भिंत ही सगळ्यात हिरवी भिंत. नवीन रंगाच्या डब्यावर पान छापलेलं असो वा नसो.

राहिलेल्या 40 टनांचं काय? बांधकामाच्या राडारोड्याचे नियम 2016 सालीच आले. ज्याचा राडारोडा, त्याने तो वेगळा करून नीट ठेवायचा, रस्त्यावर किंवा नाल्यात टाकायचा नाही. दोघांनी गेटवर बसून प्रत्येक ट्रकचा नंबर लिहिला आणि महापालिकेच्या केंद्राची पावती आल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल पुढे जाऊ दिलं नाही. एका ट्रकची पावती आली नाही. त्या ट्रकचे पैसे आपण दिले नाहीत. त्यावरून भांडण झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

नवीन प्लास्टरला पाईप सोडून देण्याऐवजी गोणपाट ओलं करून लावलं. क्युअरिंगची वही मुलीने लिहिली. एका रविवारी पंप बंद होता, तर तिने लिहिलं, "आज पाणी मारले नाही." ती वही सोसायटीच्या ऑफिसात आहे. बघा कधीतरी. मला ते पान फार मोलाचं वाटतं.

मंडळी, सगळं छान झालं असं नाही. मुलांनी गच्चीच्या पावसाच्या पाण्याचाही हिशेब दिला होता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आपली गच्ची 600 चौरस मीटर. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा भाग वाया गेला असं मानलं, तरी 3,36,000 लिटर. दहा हजारी तेहेतीस टँकर! तो कागद आपण "पुढच्या वर्षी बघू" म्हणून फाइलला लावला. तीन पावसाळे गेले.

आणि मुलांचं काय झालं? मुलगा एका आर्किटेक्टकडे लागला. मुलगी एका मोठ्या साइटवर. चार महिन्यांपूर्वी तिचा फोन आला. क्युअरिंगच्या खोट्या नोंदीवर सही करायला सांगितलं, तिने केली नाही. तिची बदली झाली, घरापासून आणखी लांब. मी विचारलं, "पश्चात्ताप होतोय का?" म्हणाली, "प्रवासाचा होतो, काका. सहीचा नाही."

मला 1986 साली असं बोलता आलं नाही. कारण मला खरं काम कुणी दिलंच नव्हतं, फक्त सही दिली होती.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने एकच मागणी करतो. दरवर्षी उन्हाळ्यात सोसायटीने दोन विद्यार्थी घ्यावेत. त्यांना हेल्मेट, बूट, विमा, जाण्यायेण्याचा खर्च आणि मुलींसाठी ऑफिसचं स्वच्छतागृह खुलं, एवढं आपण द्यायचं. काम न करता सही कुणालाच नाही. पहिलं काम म्हणजे तो फाइलमधला कागद. येत्या सर्वसाधारण सभेत ठराव मी मांडतो, अनुमोदन तुमच्यापैकी कुणीतरी द्या.

बी विंगच्या आजी ताकाचं बघतील, असं मी त्यांना न विचारताच जाहीर करतो.