जपानमधले हौशी बेसबॉल-संघ



बेसबॉल हा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल, म्हणून आधी दोन शब्द खेळाविषयी. मैदानावर एक चौकोन आखलेला असतो. त्याच्या चार कोपऱ्यांना चार ठाणी, आणि एका ठाण्यापासून दुसरे सुमारे २७ मीटरांवर. लहानशा मुगदळासारखा गोल दांडू घेऊन एक गडी उभा राहतो. समोरून चेंडू येतो, तो टप्पा न पडता. तो टोलवायचा, आणि ठाण्यामागून ठाणे घेत पुन्हा मूळ जागी पोचायचे, की झाली एक धाव. एका बाजूला गडी नऊ आणि डावही नऊ. एवढे कळले की आजच्यापुरते पुरे. सगळे नियम सांगत बसलो तर माझी वेळ त्यातच संपेल.

हा खेळ अमेरिकेतला. जपानात तो एका शिक्षकाने नेला. होरेस विल्सन हे त्यांचे नाव. १८७२ च्या सुमारास तोक्योत आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी तो शिकवला. शिक्षकमंडळींना इथे एक गंमत सांगतो. शिरीष पै यांनी जो हायकू मराठीत रुजवला, त्याला जपानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवे रूप देणारे कवी मासाओका शिकी हे तरुणपणी या खेळाच्या नादी लागलेले होते. खेळातल्या इंग्रजी शब्दांना त्यांनी जपानी प्रतिशब्द घडवले, आणि त्यांतले काही आजही चालतात. मैदानावरचा माणूस भाषेच्या कामी येत नाही असे कोण म्हणतो?

असो. मला सांगायचे आहे ते शाळेतल्या मुलांविषयी नाही आणि पैशासाठी खेळणाऱ्यांविषयीही नाही. पोटासाठी दुसरे काम करून, वय वाढले तरी दांडू न सोडणारी जी माणसे आहेत, त्यांच्याविषयी. कोणी कारखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत. कंपनीचा संघ असेल तर निम्मा दिवस काम आणि निम्मा दिवस सराव. आपल्याच पदरचे पैसे घालून चालवलेले मंडळ असेल, तर मग संध्याकाळ आणि रविवार, जे हाती लागेल ते.

या संघांची मोठी स्पर्धा १९२७ साली तोक्योत सुरू झाली. तिचे नाव तोशी ताइको, म्हणजे शहराशहरांचा सामना. संघ कंपनीचा असला तरी उतरतो तो आपल्या शहराच्या नावाने. जिंकणाऱ्याला काळ्या सिंहाचे निशाण मिळते. बसगाड्या भरभरून माणसे येतात, आपापल्या मुलखातले नाच करतात, ढोल बडवतात. उत्तेजन देणाऱ्यांचीसुद्धा वेगळी चढाओढ असते. पण तिथवर पोचतात फक्त बत्तीसेक संघ. बाकीच्यांचा उन्हाळा विभागीय सामन्यांतच संपतो.

आणि इथेच त्यांची एक रीत आहे, जिच्यासाठी मी हा विषय घेतला. विभागातून जो संघ निवडला जातो, त्याला त्याच विभागातल्या हरलेल्या संघांतून तीन खेळाडूंपर्यंत उसने घेता येतात. ही रीत १९५० पासूनची. त्या वर्षी धंदेवाईक बेसबॉलच्या दोन लीग झाल्या आणि हौशी संघांतले चांगले गडी तिकडे ओढले गेले. ती तूट भरून काढायला ही सोय झाली. मागल्या वर्षीच्या विजेत्याला मात्र ही सवलत नाही. तो विभागीय सामने न खेळता सरळ येतो, आणि आपल्याच माणसांवर खेळतो.

आता जरा विचार करा. तुमच्या गावचा कबड्डीचा संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यात शेजारच्या गावाकडून हरला. दुसऱ्या दिवशी त्या गावचे चार लोक दारात हजर: ‘तुमचा तो डाव्या कोपऱ्याचा गडी जिल्ह्याला आमच्याकडून खेळू द्या.’ काय उत्तर द्याल? आपल्याकडे पारावर आधी दोन शिव्या निघतील. आणि पोरगं गेलंच, तर वर्षभर त्याला ‘फितूर’ ऐकावे लागेल. जपानात हरलेला गोलंदाज शेजाऱ्याच्या नावाचा सदरा अंगात घालतो आणि ज्याने आपल्याला घरी बसवले त्याच्याचसाठी चेंडू फेकतो. मनातून त्याला ते सोपे जात असेल असे मला वाटत नाही. पण निशाण शहराचे असले तरी त्यामागे विभाग उभा असतो, हे त्याला ठाऊक असते. शिवाय एकट्याने जिथे पोचता आले नसते ते मोठे मैदान त्याला पाहायला मिळते, ते वेगळेच.

पडझडही झाली आहे. १९६३ च्या सुमारास कंपन्यांचे दोनशेच्या वर संघ होते; आता शंभरही उरलेले नाहीत. व्यापार मंदावला की पहिली काट खेळावर बसते. हिदेओ नोमो हे नाव तुम्ही कदाचित वाचले असेल. १९९५ साली अमेरिकेत जाऊन त्यांनी मोठे नाव काढले. ते तयार झाले सकाई शहरातल्या एका पोलाद कंपनीच्या संघात. पुढे तो संघ बंद पडला. तेव्हा २००३ साली नोमोंनी स्वतःच एक मंडळ उभे केले. शाळा-कॉलेज सुटल्यावर ज्यांना खेळायला जागा उरली नव्हती, अशा तरुणांसाठी. दोन वर्षांत, २००५ साली, या मंडळाने हौशी मंडळांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. २०१३ साली मंडळाने तोयोओका या लहान शहरात मुक्काम हलवला. जवळच किनोसाकी हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे. तिथल्या पाहुण्यांच्या घरांत खेळाडूंना कामे मिळाली. सकाळी अंथरुणे आवरायची, दुपारी मैदान.

तोशी ताइको संपली तरी शेवट होत नाही. १९७४ पासून त्यांची दुसरीही एक राष्ट्रीय स्पर्धा आहे, आणि तिथे उसना गडी चालत नाही. प्रत्येकाने आपले बळ घेऊन यायचे. मंडळांचा विजेताही तिथे येतो. मग हिवाळा. थोरल्यांपैकी एकदोघे खेळ सोडतात, एखादा नवा पोरगा येतो, मैदानाचे भाडे कोण भरणार याचा हिशेब होतो. वसंतात पुन्हा विभागीय सामने लागतात. मागल्या वर्षी ज्याने शेजाऱ्याचा सदरा घातला होता, तो आता त्याच शेजाऱ्यासमोर चेंडू घेऊन उभा असतो. कोणाचा दांडू कुठे चुकतो, हे एव्हाना त्याला पाठ झालेले असते.