आता तुझा नंबर, डॉक्टर!

बसमध्ये असा नाहीतर लोकलमध्ये लटकत असा, हेडफोन नीट लावा. आज एका शाळेच्या भिंतीची गोष्ट.

फेब्रुवारी २०११. सीरियाच्या दक्षिणेला, जॉर्डनच्या सीमेजवळ दारा नावाचं शहर. त्याच सुमारास ट्युनिशियाचे बेन अली आणि इजिप्तचे मुबारक, दोघांनाही जनतेनं खुर्चीवरून उतरवलेलं. टीव्हीवर हे बघून काही शाळकरी पोरांनी भिंतीवर रंगानं लिहिलं, 'आता तुझा नंबर, डॉक्टर!' डॉक्टर कोण? तर राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद. हा माणूस मुळात डोळ्यांचा डॉक्टर. नाव लिहायची गरजच नव्हती.

पोरांना उचललं, कोठडीत त्यांचे हाल केले. १८ मार्चला लोक रस्त्यावर आले, त्यांच्यावर गोळ्या चालल्या, माणसं मेली. मग एकेक करत इतर शहरंही पेटली.

चार शब्दांमुळे युद्ध झालं, असं मी म्हणणार नाही. १९६३ पासूनचा आणीबाणीचा कायदा, अनेक दशकं एकाच घराण्याची सत्ता, दुष्काळ, बेकारी, सगळं साठलेलंच होतं. पण बोलायचं कुठे? पेपर, टीव्ही सरकारच्या मुठीत. उरली भिंत. आपण म्हणतो भिंतीला कान असतात. तिथे भिंतीलाच वाचा फुटली.

मी सॉफ्टवेअरवाला. पोस्ट एका क्लिकवर उडते, हे मला रोज दिसतं. भिंतीवर चुना फासला तरी पांढरा चौकोन उरतोच. इथे काहीतरी लिहिलं होतं, एवढं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहतो.

पण किंमत बघा. लाखो लोक मेले, देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. ८ डिसेंबर २०२४ ला असद देश सोडून पळाले, मॉस्कोला. नंबर लागला, पण जवळजवळ चौदा वर्षांनी.

ती पोरं आज साधारण माझ्याच वयाची असतील. त्या वयात मीही शाळेच्या बाकावर कर्कटकानं एका सरांबद्दल काहीतरी कोरलं होतं. शिक्षा काय? बाबांना शाळेत बोलावलं, आणि मी बाक घासून दिला. बस्स.

म्हणून मला वाटतं, एखादं सरकार आतून किती घाबरलेलं आहे हे बघायचं असेल, तर भिंतीवर लिहिणाऱ्या पोराचं ते काय करतं, ते बघावं.

तुमच्या रस्त्यावर असा पांढरा चौकोन आहे का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!