तीन चाकांचा हिशेब

आज ज्या गाडीबद्दल बोलायचं आहे तिला रिव्हर्स गिअर नव्हता. राहून गेला नव्हता. मुद्दाम ठेवला नव्हता.

१९४८ साल. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली, तरी इंग्लंडात पेट्रोल रेशनवरच. प्रेस्टन इथल्या शार्प्स कमर्शियल्स या कारखान्यात लष्करी गाड्यांच्या दुरुस्तीचं काम चालायचं आणि ते आता आटत आलं होतं. लॉरी बाँड नावाचा इंजिनिअर तिथे भाड्यानं जागा मागायला गेला. जागा काही मिळाली नाही, पण त्याची तीनचाकी बघून कारखान्यानं ती स्वतःच बनवायला घेतली. १९४९ पासून ‘बाँड मिनीकार’ विकली जाऊ लागली.

आता तो गिअर. गाडीला तीन चाकं आणि वजन ८ हंड्रेडवेटच्या, म्हणजे साधारण ४०६ किलोच्या आत, तर कर मोटारसायकलइतका. त्यात रिव्हर्स नसेल, तर मोटारसायकलचा परवानाही चाले. त्यामुळे ही गाडी निम्मी बाँडनं घडवली आणि निम्मी कर खात्यानं, असं मी म्हणतो.

पुढचं बॉनेट उचललं की आत १२२ सीसीचं व्हिलियर्स इंजिन, स्कूटरचं शोभावं एवढं. डॅशबोर्डखालची मूठ ओढून ते चालू करायचं. आपल्या जुन्या रिक्षावाल्यांचा तो खालचा दांडा आठवा! गंमत पुढेच आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचं चाक हे एकच बिऱ्हाड. स्टिअरिंग फिरवलं की तिन्ही एकदम वळत. नंतरच्या मॉडेलांत तर चाक पार आडवं होई आणि गाडी जागच्या जागी गोल फिरे. मग मागं जायला गिअर हवा कशाला? भिंतीला नाक लागलंच, तर खाली उतरून ढकलायची. पुढे असा स्टार्टर आला की इंजिन बंद करून उलटं चालू करता येई. टू-स्ट्रोकला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे जेवढे गिअर पुढे, तेवढेच मागे! त्या वेगानं मागे जायची हौस कुणाला होती, देव जाणे.

१९५६ च्या सुवेझ पेचप्रसंगात पेट्रोल पुन्हा रेशनवर गेलं आणि अशा गाड्यांना बरे दिवस आले. पण १९५९ मध्ये ‘मिनी’ नावाची दुसरीच गाडी आली, चार चाकांची, चौघांची. १९६२ मध्ये चारचाकी गाड्यांवरचा खरेदी कर उतरत उतरत तीनचाकींच्या बरोबरीला, २५ टक्क्यांवर आला. ज्या हिशेबावर ही गाडी उभी होती तो हिशेबच पुसला गेला. १९६६ मध्ये मिनीकार थांबली. तोवर चोवीस हजारांवर गाड्या बनल्या होत्या. १९६९ मध्ये रिलायंट कंपनीनं बाँड बनवणारी कंपनीच विकत घेतली आणि पुढे प्रेस्टनचा कारखाना बंद केला.

नाव मात्र ठेवलं. रिलायंटच्या टॅमवर्थच्या कारखान्यातून १९७० मध्ये ‘बाँड बग’ निघाली: भडक नारिंगी, पाचरीसारखी, दार नाही, अख्खं छप्परच वर उचलायचं. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये वाळवंटावरून तरंगत जाणारं ते वाहन आठवतंय? त्याच्या खाली बगचीच चासी होती. चाकं दिसू नयेत म्हणून कडेला आरसे लावले होते.