चुलीतला हिशेब : तुराट्या, पेलेट आणि गॅस

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



गणपतीच्या मांडवात जळणावर भाषण म्हटल्यावर काहींना नवल वाटले असेल. पण महाप्रसाद शिजतो तो जळणावरच. मंडळाच्या बैठकीत यंदा प्रश्न निघाला : गॅसच्या मोठ्या टाक्यांचा खर्च दरवर्षी वाढतो, तर पेलेटवर चालणारी भट्टी घ्यावी का? बैठक संपल्यावर दोघा-तिघांनी घरासाठीही हेच विचारले. म्हणून आज आम्ही उपदेश न करता फक्त हिशेब मांडणार आहोत.

पेलेट म्हणजे काय ते आधी पाहू. लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले, तुराट्या, पराट्या असे काहीही वाळवून, बारीक करून यंत्रात जोराने दाबतात. दाबताना जी उष्णता होते तिने लाकडातलाच चिकट अंश सुटतो आणि भुसा घट्ट बसतो. बाहेर येतात त्या सहा-आठ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. दुरून पाहिले तर जनावरांची सुग्रासच वाटते. युरोप-अमेरिकेत थंडीत घर उबदार ठेवायला या कांड्यांच्या शेगड्या वापरतात. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी त्या पाहिल्याही असतील. आपल्या बिदर-कलबुर्गीकडे घर तापवावे लागत नाही. पौषात बिदरच्या माळावर हुडहुडी भरते, तरी तापवायचे ते अंघोळीचे पाणी आणि शिजवायचा तो स्वयंपाक.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. दाबल्याने जळणातली उष्णता वाढत नाही. किलोभर वाळलेली तुराटी आणि किलोभर तुराटीची पेलेट यांच्यात उष्णता जवळजवळ सारखीच, साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी. फायदा आहे तो दुसरीकडे. जागा कमी लागते, गाडीत जास्त माल बसतो, ओल कमी असते आणि जाळ एकसारखा राहतो. म्हणजे दाबण्याची मजुरी आपण देतो ती मुख्यतः वाहतूक आणि साठवण यांसाठी. ज्याच्या अंगणात स्वतःच्या शेतातल्या तुराट्यांची गंजी उभी आहे, त्याला वाहतूकच करायची नाही. त्याने पेलेट विकत घेणे म्हणजे घरची ज्वारी विकून बाजारातली भाकरी आणणे.

हा प्रयोग आपल्या भागाला नवा नाही. २००६ च्या सुमारास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनावर आधारलेली ‘ऊर्जा’ नावाची शेगडी बीपी कंपनीने बाजारात आणली. पुढे ते काम पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे आले. शेगडीत बॅटरीवरचा छोटा पंखा होता आणि जळण म्हणून पेलेट. धूर अगदी कमी. मुख्यतः महाराष्ट्र आणि कर्नाटकात मिळून चार लाखांवर शेगड्या खपल्या. पण काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा विकत घेणाऱ्यांपैकी दहात जेमतेम एका घरी ती पेटत होती. मोठे कारण होते पेलेटचा वाढलेला भाव. उसाचे चिपाड आणि शेतातला पालापाचोळा कारखान्यांच्या बॉयलरलाही हवा असतो. मागणी वाढली की कचऱ्यालाही सोन्याचा भाव येतो. कंपनीने मग घरे सोडून हॉटेले आणि मोठी स्वयंपाकघरे यांच्याकडे मोर्चा वळवला.

यातून आम्ही एक धडा घेतला. शेगडीची किंमत एकदाच द्यायची असते, जळणाची रोज. तेव्हा शेगडीचा भाव विचारण्याआधी जळणाचा पुढल्या वर्षीचा भाव विचारा. तो वाढण्याची कारणे आजही आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के पेलेट मिसळावी असे धोरण आणले. सोलापूर, कुडगी, शक्तीनगर ही केंद्रे आपल्यापासून लांब नाहीत. त्यांच्या खरेदीपुढे आपल्या घरच्या दोन पोत्यांची काय पत्रास?

आता आकडे. किलोभर गॅसमध्ये सुमारे अकरा हजार किलोकॅलरी असतात. चांगल्या शेगडीत त्यातली साठ टक्के भांड्याला लागते असे धरू. पेलेटच्या पंख्याच्या शेगडीत पस्तीस टक्के आणि साध्या तीन दगडांच्या चुलीत दहा टक्के धरू. गुणाकार केला तर एक किलो गॅसचे काम करायला पाच किलो पेलेट लागते. १४.२ किलोच्या घरगुती टाकीला सत्तर किलो. म्हणजे टाकीच्या किमतीला सत्तरने भागा. टाकी ९१० रुपयांना मिळत असेल तर उत्तर आले १३ रुपये. पेलेट त्याहून स्वस्त, घरपोच आणि वर्षभर मिळत असेल तरच पुढचे बोलणे. मंडळ वापरते त्या १९ किलोच्या टाकीसाठी पंच्याण्णवने भागा.

अंघोळीच्या पाण्याचेही पाहू. चौघांचे घर, माणशी वीस लिटर, पाणी वीस अंशांनी तापवायचे, तर सोळाशे किलोकॅलरी लागतात. विजेच्या गिझरवर रोज दोन युनिट, महिन्याला साठ. २०२३ पासून आपल्या राज्यात गृहज्योती योजना आहे. तिच्यात आपल्या सरासरी वापरावर ठरावीक मर्यादेइतकीच वाढ मोफत मिळते आणि दोनशे युनिट ओलांडले की पूर्ण बिल येते. थंडीत गिझर लावताना हे विसरू नये. स्वतःचे छत असेल त्याने सौर हीटरचा विचार आधी करावा. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, ते पावसाळ्यात तेवढे दगा देते. आणि घरच्या तुराट्या असतील तर न्हाणीतला तांब्याचा बंब आजही दोन किलो जळणात हे काम करतो.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. एक रकाना आपण नेहमी कोरा सोडतो. तुराट्या फुकट असतात असे आपण म्हणतो, पण त्यांचे पैसे आपल्या आया-बहिणींनी आपल्या डोळ्यांनी आणि छातीने चुकवलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसे दगावली. घरोघर आई-आजीचा जो जुना खोकला आपण वय झाले म्हणून सोडून देतो, त्यात या धुराचा वाटा किती, याचा विचार करा. म्हणून पुरुष मंडळींना आमची विनंती आहे : चूल, बंब की पेलेट हे ठरवण्याआधी, जी बाई त्यापुढे बसणार तिला विचारा. स्वयंपाकासाठी गॅस परवडत असेल तर तो सोडू नका. बंब ठेवायचाच तर उघड्यावर किंवा धुराड्यासह ठेवा. जळण कोणतेही असो, पेलेटसुद्धा, बंद न्हाणीत पेटवू नका. बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड माणसाला उठू देत नाही.

मग पेलेटमध्ये आपल्यासाठी काहीच नाही का? आहे, पण विकणाऱ्याच्या बाजूने. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डाळीचे नाव झाले, तुराट्या मात्र आजही कित्येक बांधांवर पेटवून दिल्या जातात. घरच्या गरजेपुरत्या ठेवून उरलेल्या पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून विकल्या, तर गाडीभाडे परवडेल. फक्त सगळेच रान झाडून विकू नका. गळलेला पाला आणि धसकटे जमिनीची आहेत, तिला राहू द्या.

शेवटी मंडळाची भट्टी. एका वेळी शेकडो पाने उठतात तिथे पेलेटचे गणित घरापेक्षा बरे जमते. मोठी भट्टी सलग पेटते आणि तिच्याजवळ लक्ष द्यायला माणूस असतो. तरी आमचा सल्ला असा की पहिल्या वर्षी भट्टी विकत न घेता भाड्याने आणावी आणि पुरवठादाराला तीन प्रश्न लेखी विचारावेत. ओल आणि राख किती टक्के? भाव वर्षभर कायम राहील का? पंखा बिघडला तर दुरुस्तीला कोण येणार? शिवाय गणपती येतात भाद्रपदात. पेलेटला पाणी लागले की तिचा पुन्हा भुसा होतो. पोती फळ्यांवर आणि छपराखाली ठेवण्याची सोय आधी करावी लागेल. एका दिवसाच्या महाप्रसादाला किती किलो लागली ते वहीत लिहून ठेवू आणि पुढच्या बैठकीत वही उघडून ठरवू.

बाप्पा बुद्धीची देवता. त्याच्यासमोर हिशेब मांडला, यात काही वावगे झाले नाही असे आम्हाला वाटते. 

गणपती बाप्पा मोरया!