इंजिनाच्या कपाळावरचा दिवा

रात्री पुणे स्टेशनात इंजिन उभं असतं, तेव्हाही त्याचा दिवा, मंद का होईना, जळत असतो. माझ्या टेबलावरचं इंजिन मात्र थांबलं की आंधळं व्हायचं. साध्या मॉडेल रेल्वेत वीज रुळांतूनच येते, शून्य ते 12 व्होल्ट. तीच मोटार फिरवणार, तीच दिवा लावणार. वेग कमी केला की दिवाही मिणमिणणार.

जुन्या हौशी मंडळींनी यावर झकास तोड काढली होती. मोटारीच्या वाटेत दोन डायोड एकापुढे एक जोडायचे, उलट दिशेसाठी उलट्या तोंडाचे आणखी दोन. प्रत्येक डायोडवर साधारण 0.7 व्होल्ट अडतात, दोघांवर मिळून 1.4. तेवढ्यावर तांदळाएवढा दीड व्होल्टचा बल्ब छान पेटतो. मोटारीला मात्र हलायला आणखी व्होल्टेज लागतं. म्हणजे आधी दिवा, मग गाडी!

मला हे पुरेना. मला हवा होता एलईडी. माझ्या इंजिनाच्या एचओ मापात एका फुटाचे साडेतीन मिलिमीटर होतात, म्हणजे फूटभर व्यासाचा दिवा हरभऱ्याच्या डाळीहून लहान. पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीतून पांढरे एलईडी आणले. पहिला रेझिस्टर न लावता जोडला. डोळा मिचकावून गेला. दुसऱ्याला हजार ओहमचा रेझिस्टर लावला, खोलीतला दिवा मालवला, आणि बघतो तर काय, अख्खं इंजिन आकाशकंदिलासारखं उजळलेलं! प्लास्टिकच्या पातळ टपातून उजेड झिरपत होता. आतून काळ्या रंगाचे दोन हात दिले, तेव्हा कुठे तो पुढच्या भोकातून बाहेर पडू लागला.

तरी काहीतरी खटकत होतं. पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळा दिवा असतो. वरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. जुन्या डिझेल इंजिनाच्या तोंडावर तो थेट दवाखान्यातला उजेड वाटतो. काडीच्या टोकाने पारदर्शक नारिंगी रंगाचा एक थेंब ठेवला. जास्त झाला, पुसला, पुन्हा ठेवला. या थेंबात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

डायोड मात्र तेच ठेवले, फक्त संख्या वाढवली, कारण एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात. रेझिस्टरही त्या बेताने लहान घेतला. मग अंधारात रेग्युलेटर केसभर फिरवला. समोरचे दोन रूळ वीतभर चकाकले. इंजिन जागचं हललं नाही.

दारातून सौभाग्यवती म्हणाल्या, "का हो, सिग्नल नाही का मिळाला?"