गुण देण्याआधी चूक वाचू या



या शिक्षक संमेलनाचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल मी स्वागत समितीचा ऋणी आहे. रिक्त पदे, अशैक्षणिक कामे, जुनी पेन्शन हे विषय सकाळच्या सत्रात जोरकसपणे मांडले गेले. त्या ठरावांना माझा पाठिंबा आहेच. मला बोलायचे आहे ते वेगळ्या कामाबद्दल. आपण ढिगाने वह्या तपासतो. त्या तपासणीमुळे आपला पुढचा तास बदलतो का?

तिसरीतल्या एका मुलाची वही समोर आहे असे धरा. ५२ − २७ = ३५. ८१ − ४६ = ४५. ७४ − ३८ = ४४. तिन्हींवर लाल फुली, खाली शून्य गुण आणि शेरा: ‘हातच्याचा सराव कर.’ आता उत्तरे पुन्हा वाचा. हा मुलगा हातचा विसरलेला नाही. अंक वर असो की खाली, तो मोठ्यातून लहान वजा करतो. त्याने स्वतःचा एक नियम केला आहे आणि तो इमानाने पाळतो आहे. घरी आणखी वीस वजाबाक्या दिल्या, तर तोच नियम वीसदा घोटला जाईल. शेजारच्या मुलीने पहिल्या गणिताचे उत्तर २६ काढले असेल, तर तिला रीत कळली आहे, मोजताना एकाने घसरली. तिला ‘पडताळून बघ’ एवढे पुरे. त्या मुलाला मात्र काड्यांचे गठ्ठे हातात द्यायला हवेत: बावन्नातला एक गठ्ठा सोड, बारा सुट्या झाल्या, आता सात काढ. दोघांची फुली सारखीच दिसते, पण त्यांना शिकवायचे वेगवेगळे आहे.

हे शासनाला कळले नव्हते असे नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० मध्ये आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाचा भार ७० टक्के, सातवी-आठवीला ४० टक्के. सोबत वर्णनात्मक नोंदी. कल्पना चांगली होती, पण नोंदींचे काय झाले ते आपण सगळे जाणतो. बाजारात नोंदींची तयार पुस्तके आली, मग त्या व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. ‘वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो’ हे वाक्य जिल्ह्यातल्या कोणत्याही मुलाला चालते, म्हणूनच ते कोणाच्याच कामाचे नाही.

शेरा कधी उपयोगी पडतो, हे तपासलेही गेले आहे. संशोधक रूथ बटलर यांनी इस्रायलमधील विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेली मुले पुढच्या कामात सरस ठरली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फारसा लाभ झाला नाही. गुण दिसले की मूल शेजाऱ्याचे गुण बघते, शेरा वाचायचा राहतो. प्रगतिपत्रकात श्रेणी द्यावीच लागेल, पण रोजच्या वहीत ती द्यायची सक्ती कोणी केली?

आता आपल्या प्रशिक्षणाकडे येऊ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. तास भरतीलही. लिंक उघडायची, चित्रफीत चालू ठेवायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. या साऱ्यात मुलाने लिहिलेली एक ओळही आपल्यासमोर येत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या शाळा-केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्रत्येकाने एकाच घटकाच्या पाच वह्या आणाव्यात, नावे झाकून. त्यांतली एकच वही आधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे तपासावी. १९१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे पाठवली होती. काहींनी तिला तिशीच्या आतले गुण दिले, काहींनी नव्वदीतले. आपलेही आकडे जुळणार नाहीत, आणि ते का जुळले नाहीत यावर वाद घालणे हेच खरे प्रशिक्षण. नंतर चुकीमागचे कारण एका वाक्यात लिहावे, त्यावर पुढचा तास आखावा आणि पुढच्या महिन्यात त्याच मुलांच्या वह्या पुन्हा आणाव्यात.

द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणारे विचारतील, वेळ कुठला? प्रश्न रास्त आहे. म्हणून सगळ्या वह्या नकोत, महिन्याला एक घटक पुरे. आणि अधिकाऱ्यांना विनंती, या कामाचे फोटो आणि अहवाल मागू नका, तेवढा वेळ आपोआप निघेल.

पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आता पुन्हा सुरू झाली आहे. अनुत्तीर्ण मुलाला मार्गदर्शन करून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची आहे. त्या दोन महिन्यांत त्याला नेमके काय शिकवायचे, हे गुणपत्रिका सांगणार नाही. ते त्याच्या उत्तरपत्रिकेत लिहिलेले असते आणि ते वाचण्याचे कसब फक्त आपल्याकडे असू शकते. तेव्हा पुढच्या शिक्षण परिषदेला वह्या घेऊन येण्याचा ठराव या संमेलनाने आजच करावा, असे मी अध्यक्ष या नात्याने सुचवतो आणि माझे भाषण संपवतो.